बावीसच्या वयात हाडांचा रिपोर्ट मायनस? आधी उजनीचं गणित समजून घ्या

मेडिकलच्या दुकानासमोर मंडप टाकून 'हाडांची मोफत तपासणी' चालू असते ते बघितलंच असेल तुम्ही, सोलापुरात कधी जुळे सोलापूरला, कधी सात रस्त्याला, कुठं ना कुठं चालूच असतंय. चप्पल काढायची, टाचेला जेल लावून घ्यायचं, छोट्या मशीनमध्ये पाय ठेवायचा आणि दोन-तीन मिनिटांत चिठ्ठी हातात. माझ्या भाचीनं मैत्रिणींच्या नादानं पाय ठेवला. वय बावीस. चिठ्ठीवर आलं मायनस १.४, त्याच्या खाली पिवळ्या पट्टीत 'ऑस्टिओपेनिया', म्हणजे हाडांची घनता कमी, आणि टेबलामागच्या माणसानं लगेच पावडरचा डबा पुढं सरकवला. पोरगी घरी येऊन म्हणते, "मामा, माझी हाडं आत्ताच झिजली काय ओ?"

झिजली नाहीत. पण तिला नुसतं "काही होत नाही, जा" म्हणून पाठवणं पण बरोबर नव्हतं, कारण बावीसच्या वयात हाडं किती भरलीत हा प्रश्न खरंच महत्त्वाचा आहे, फक्त त्याचं उत्तर त्या चिठ्ठीत नसतंय. उत्तर दहा वर्षं मागं असतंय, ती सहावी-सातवीत होती तेव्हाचं. म्हणून हे सगळं जरा सविस्तर लिहितोय, विशेषतः ज्यांच्या घरी आत्ता दहा ते पंधरा वयाची पोरं आहेत त्यांच्यासाठी.

सोलापूरकराला हे समजावायला उजनी धरणाइतकं सोपं दुसरं काही नाही. आपल्याकडं पाऊस पडो न पडो, जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्यांचं लक्ष एकच, पुण्याकडची धरणं भरली का, दौंडला विसर्ग किती, उजनी किती टक्के. त्या दोन-तीन महिन्यांत जे साठलं त्यावरच पुढचं वर्ष काढायचं, कॅनॉलला सोडा, शहराला प्यायला द्या, उन्हात वाफ होऊन जाईल ते वेगळंच. हाडांचं असंच. जन्मल्यापासून हाडात कॅल्शियम-फॉस्फरस साठत जातं, पण खरा लोंढा येतो तो वयात येताना. मुलींच्यात साधारण साडेबाराच्या आसपास, मुलांच्यात चौदाच्या आसपास. कॅनडात सस्कॅचवान प्रांतात १९९१ पासून शाळेतल्या पोरांच्या हाडांची वर्षानुवर्षं मापं घेतली, त्यात दिसलं की मोठ्या माणसाच्या हाडात जेवढं खनिज असतं त्यातलं पाव हिश्श्याहून जास्त त्या लोंढ्याच्या दोनच वर्षांत भरलं जातं. दोन वर्षांत पाव! पन्नाशीनंतर माणूस उरलेल्या आयुष्यात जेवढं घालवतो जवळपास तेवढं. अठराव्या वर्षापर्यंत मुलींची आणि विसाव्यापर्यंत मुलांची नव्वद टक्के भरणी होऊन जाते, खुब्याचं हाड लवकर भरतं, मणके जरा मागनं, आणि तिशीच्या आत-बाहेर पातळी स्थिर होते. ह्या सगळ्यात जास्त पातळीला डॉक्टर 'पीक बोन मास' म्हणतात. त्यानंतर आवक जवळपास बंद, जावक हळूहळू, आणि बायकांच्या पाळी जाण्याच्या सुमाराला काही वर्षं दरवाजे एकदम उघडल्यासारखी जावक.

आता मायनसचं. आपण पेपरात वाचतो, 'उजनी वजा वीस टक्के'. बाहेरगावचा माणूस ऐकून म्हणेल धरण कोरडं पडलं की काय. पण आपल्याला माहितीये की एकूण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाण्यातलं तळाचं ६३ टीएमसीहून थोडं जास्त पाणी मृतसाठा म्हणून धरलेलं असतंय आणि टक्के मोजायचे ते त्याच्या वरनं, त्यामुळं वजा वीसला पण धरणात पन्नास टीएमसीपेक्षा जास्त पाणी असतं. शून्याची रेघ माणसानं ठरवलेली. चिठ्ठीवरच्या त्या मायनसच्या आकड्याला टी-स्कोर म्हणतात, त्याचं शून्य पण असंच ठरवलेलं, फरक एवढाच की ते मारलंय निरोगी तरुण माणसांच्या सरासरीवर. सरासरी म्हटली की निम्मे वर, निम्मे खाली. म्हणजे धडधाकट शंभर पोरी मशीनवर उभ्या केल्या तर पन्नासजणींना मायनस येणारच, आणि साधारण सोळाजणींना मायनस एकच्या पण खाली, कसलाही आजार नसताना. साठ पोरींच्या वर्गात नऊ-दहाजणी. त्या सगळ्यांना पावडरचा डबा विकायचा का?

आणि ऑस्टिओपेनिया, ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होण्याचा आजार) हे जे मायनस एक आणि मायनस अडीचचे कट-ऑफ आहेत ना, ते जागतिक आरोग्य संघटनेनं १९९४ मध्ये ठरवले ते पाळी गेलेल्या बायकांसाठी, डेक्सा नावाच्या मोठ्या मशीनवर कंबर आणि खुब्याचं माप घेऊन. टाचेचं अल्ट्रासाउंड मशीन वेगळं, ते आवाजाच्या लहरी हाडातनं कशा जातात ते बघतं. मशीन खोटं आहे असं नाही म्हणत मी, म्हाताऱ्या माणसात पुढच्या तपासणीला कुणाला पाठवायचं हे ठरवायला त्याचा उपयोग होतो. पण बावीसच्या पोरीला त्याच्यावरनं आजाराचं नाव लावणं हे कुठल्याच नियमात बसत नाही. पन्नाशीच्या आत, पाळी चालू असलेल्या बाईला आणि लहान मुलांना टी-स्कोर वापरायचाच नसतो, झेड-स्कोर वापरतात, म्हणजे तुमच्याच वयाच्या, तुमच्याच लिंगाच्या लोकांशी तुलना. तो मायनस दोन किंवा त्याच्या खाली गेला तर 'वयाच्या मानानं कमी' एवढंच लिहितात, आणि मग कारण शोधतात.

डेक्सामध्ये पण एक गोम आहे, ती पोरांच्या बाबतीत फार नडते. ते मशीन हाडाला सपाट फोटोत बघतं, ग्रॅम भागिले चौरस सेंटिमीटर, हाड आत किती खोल आहे ते त्याला कळत नाही. त्यामुळं ठेंगण्या, बारीक चणीच्या पोराचं हाड चांगलं घट्ट असलं तरी आकडा कमी दाखवतं आणि धिप्पाड पोराचा आकडा चांगला दिसतो. आपली पोरं युरोप-अमेरिकेतल्या पोरांपेक्षा चणीनं लहान, त्यात तुलना तिकडच्या तक्त्याशी केली की निम्मी वस्ती आजारी! म्हणून पोरांचा रिपोर्ट उंचीचा हिशेब धरून वाचावा लागतो. पुण्यात जहांगीर हॉस्पिटलच्या संशोधन संस्थेत डॉ. अनुराधा खाडिलकर आणि डॉ. वामन खाडिलकर यांच्या टीमनं भारतीय पोरांची वाढ आणि हाडं यावर बरीच वर्षं काम केलंय, आपल्या पोरांची मापं आपल्याच पोरांशी ताडून बघता यावीत म्हणून.

बरं मग साठतं कसं? इथं उजनी सोडून द्यावी लागते, कारण धरणातलं पाणी गप बसून असतं आणि हाड एक दिवस पण गप बसत नाही. हाडाच्या वजनात साठ-पासष्ट टक्के खनिज, बाकी कोलाजेन नावाचं प्रोटीन आणि पाणी. आत दोन प्रकारच्या पेशी, एक जुनं हाड खरवडून काढणाऱ्या, दुसऱ्या तिथं नवीन बांधणाऱ्या. मोठ्या माणसाच्या सांगाड्यातला साधारण दहावा हिस्सा दरवर्षी असा बदलला जातो. लहानपणी बांधणाऱ्यांची सरशी, मधल्या वयात बरोबरी, नंतर खरवडणाऱ्यांची. आणि बांधायचं कुठं, किती, हे ठरतं हाडावर जोर कसा येतोय त्यावरनं. आत बारीक बारीक पेशी पसरलेल्या असतात, हाड केसाएवढं जरी वाकलं तरी त्यांना कळतं आणि त्या सांगावा धाडतात की इथं भर घाला. जोर नाही तर भर नाही. अंतराळात गेलेल्या माणसांचं खुब्याचं हाड महिन्याला एक ते दीड टक्का कमी होतं, खायला-प्यायला सगळं व्यवस्थित असताना, कारण वजनच पडत नाही.

ह्याचा सगळ्यात भारी पुरावा टेनिस खेळणाऱ्यांच्यात मिळाला. फिनलंडमधल्या संशोधकांनी बाई खेळाडूंचे दोन्ही हात मोजले, रॅकेटचा आणि रिकामा. माणूस तोच, रक्त तेच, दूध-दही तेच, फरक फक्त फटक्यांचा. रॅकेटच्या हाताचं हाड जास्त भरलेलं निघालं हे ठीकच, पण ज्यांनी पाळी सुरू होण्याच्या आधी किंवा त्या सुमाराला खेळायला सुरुवात केली होती त्यांच्या दोन हातांतला फरक, मोठेपणी खेळायला लागलेल्यांच्यापेक्षा दुपटीहून जास्त होता. म्हणजे तोच व्यायाम, पण लोंढ्याच्या वेळी केला तर साठतो, नंतर केला तर मुख्यतः आहे ते टिकवतो. मोठेपणी घाम गाळून एक-दोन टक्के वाढलं तरी डोक्यावरून पाणी.

आणि आपण नेमकं काय करतो? पोरगी सहावी-सातवीत गेली, पाळी सुरू झाली, की तिचं ग्राउंड बंद. "आता मोठी झालीस, काय पळत सुटतीस" हे वाक्य मी किती घरांत ऐकलंय. पोरगा आठवीत गेला की क्लास, नववीत दुसरा क्लास, दहावीत तर खेळायचं नावच नाही. हाडं भरायच्या बरोबर त्या दोन-चार वर्षांत आपण त्यांना खुर्चीत बसवतो, आणि मग पंचेचाळिशीत आईनं कॅल्शियमची गोळी घेतली का ते बघायला सगळं घर तत्पर. मला विचाराल तर ह्या सगळ्या विषयात सगळ्यात मोठी चूक हीच आहे, दूध कमी पडणं हे त्याच्या नंतर.

कुठला खेळ? ज्यात पाय आपटतात, उड्या पडतात, दिशा एकदम बदलते तो. खो-खो म्हणजे हाडांसाठी बनवल्यासारखा, उठ, पळ, वळ, बस. लंगडी, कबड्डी, दोरीउड्या, बास्केटबॉल, कुस्ती, मल्लखांब, गणपतीतलं लेझीम सुद्धा, नीट उड्या मारून खेळलं तर. पोहणं आणि सायकल हृदयाला उत्तम पण हाडाला त्यात फटका बसत नाही, म्हणून नुसतं पोहणाऱ्या पोरानं आठवड्यातनं दोन-तीन दिवस जमिनीवरचं पण काहीतरी खेळावं. तास-तासभर लागतंच असं पण नाही, हाडाच्या पेशी थोड्याच उड्यांनंतर ऐकेनाशा होतात, पुढच्या उड्या जवळपास वाया, परत ताज्या व्हायला त्यांना काही तास लागतात. त्यामुळं सकाळी दहा मिनिटं दोरी आणि संध्याकाळी दहा मिनिटं खेळ हे एकदम दोन तासांपेक्षा हाडाला जास्त कळतं.

आता खाण्याकडं येऊ, आणि इथं मी जरा सोलापूरच्या ताटाला नावं ठेवणार आहे, रागावू नका. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणं दहा ते बारा वयाला दिवसाला ८५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, तेरा ते पंधराला १०००, सोळा ते अठराला १०५०. आता संध्याकाळचं ताट घ्या. ज्वारीची भाकरी, शेंगा चटणी, आमटी, कांदा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय मानांकन आहे, मालदांडीला तोड नाही, पोटाला, शुगरला, चवीला सगळ्याला एक नंबर, पण शंभर ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम तीसच्या आसपास मिलिग्रॅम. दोन भाकऱ्या धरल्या तरी चाळीस-पन्नास. शेंगा चटणी दोन चमचे, अजून पंधरा-वीस. आमटीत तीस-चाळीस. सगळं ताट मिळून दीडशे पण भरत नाही. दोन कप चहातलं दूध धरलं तर वर शंभर-सव्वाशे. सकाळ-संध्याकाळ असंच जेवण असेल तर पोरगं ४०० च्या पुढं जाईना, गरजेच्या निम्मं पण नाही. कुपोषित दिसत नाही, पोट भरलेलं असतं, म्हणूनच कुणाच्या लक्षात येत नाही.

ताट बदलायची गरज नाही, ताटात भर घालायची. एक पेला दूध म्हणजे साधारण २४० मिलिग्रॅम, वाटीभर दही दीडशे ते दोनशे. दूध पचत नसेल तर दही-ताक चालतं, त्यात दुधातली साखर कमी झालेली असते. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास, ज्वारीच्या पिठात तिसरा हिस्सा नाचणी मिसळली तर भाकरी जरा काळपट होते एवढंच, कडक भाकरी तर उलट छान कुरकुरीत येते. शेवग्याचा पाला, आपल्या इतक्या कोरड्या रानात पण येतो आणि लोक शेंगा काढून पाला शेळीला टाकतात, त्यात शंभर ग्रॅमला तीनशेच्या वर. चवळीचा पाला पण चांगला. पालक मात्र फसवा, कॅल्शियम असतं पण ऑक्झॅलेटनं बांधून ठेवलेलं, अंगाला लागतं ते वीसातला एखादाच भाग. आणि तीळ. भोगीला बाजरीच्या भाकरीवर थापतो आपण, वर्षातनं एकदाच का थापायचे कुणास ठाऊक. पण तीळ सालासकट घ्या, ते मळकट रंगाचे, त्यात शंभर ग्रॅमला हजारच्या आसपास कॅल्शियम असतं. पांढरेशुभ्र पॉलिश केलेले, साल काढलेले दिसायला देखणे, पण कॅल्शियम सालाबरोबर गेलेलं, उरलं ते शंभराच्या आसपास. शेंगा चटणी कुटताना चौथा हिस्सा सालाचे तीळ भाजून घाला, चव बिघडत नाही, घरी करून बघा.

प्रोटीन विसरू नका, हाडाचा सांगाडा कोलाजेनचा असतो, डाळ-अंडं-दूध-शेंगा नसतील तर खनिज बसणार कशावर. मीठ जास्त झालं की लघवीतनं कॅल्शियम जास्त जातं, पापड-लोणचं-चिप्सचा विचार करा. कोल्ड्रिंकचा मुख्य तोटा असा की ते दुधाची जागा घेतं.

मध्येच एक, व्हॉट्सॲपवर 'गव्हाच्या दाण्याएवढा खायचा चुना रोज पोरांना द्या, उंची वाढते' असलं फिरत असतं. चुना कॉस्टिक असतो, तोंड-घसा-जठर भाजतो. देऊ नका.

ऊन. सोलापुरात उन्हाची काय कमी, एप्रिल-मेमध्ये चाळीसच्या वर पारा, मग ड जीवनसत्त्व कमी कसं निघतं असं प्रत्येकजण विचारतो. अहो ऊन गावात आहे, अंगावर कुठं आहे? पोरं सातला व्हॅनमध्ये, दिवसभर वर्गात, संध्याकाळी क्लास. कॉलेजच्या पोरी स्कूटीवर निघतात तर डोळे सोडून सगळं स्कार्फमध्ये, वर सनकोट, हातमोजे. विडी वळणाऱ्या बायका सूप मांडीवर घेऊन सकाळपासून घरात. आणि ते 'कोवळं ऊन' जे आपण बाळाला दाखवतो, त्यात ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील-ब किरण फारच थोडे असतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा छोटी असते तेव्हा ते किरण पुरेसे येतात, म्हणजे साधारण दहा-अकरा ते तीन. काचेमागं बसून उपयोग नाही, काच ते अडवते. दिवाळी ते होळी ह्या काळात पोरांनी सुट्टीच्या दिवशी दुपारच्या आधी अर्धा तास हात-पाय उघडे टाकून गच्चीवर किंवा ग्राउंडवर असावं, मे महिन्यात मात्र हा प्रयोग नको, दहा मिनिटं पुरे, उष्माघात हाडापेक्षा आधी येतो.

ड कशाला एवढं? ते नसेल तर खाल्लेल्या कॅल्शियमपैकी आतडं दहा-पंधरा टक्केच उचलतं, पुरेसं असेल तर तीस-चाळीस. आणि शरीराचा नियम कडक, रक्तातलं कॅल्शियम खाली जाऊ द्यायचं नाही, कारण त्यावर हृदय चालतं. कमी पडलं की हाडातनं काढून रक्तात टाकायचं. म्हणून "रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आलं, म्हणजे हाडं मस्त" हा हिशेब चुकीचा, ते नॉर्मल कुणाच्या खर्चानं राहिलंय ते त्या रिपोर्टात कळत नाही.

मग सरळ गोळ्या का देऊ नयेत? बघितलंय करून. २००६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १९ चाचण्या एकत्र करून बघितलेला अभ्यास आला होता, निरोगी पोरांना कॅल्शियमच्या गोळ्या दिल्यावर कंबर आणि खुब्याच्या हाडात जवळपास फरक नाही, हाताच्या हाडात थोडा, तो पण फ्रॅक्चर टळतील असं म्हणण्याइतका नाही. खाणं खूपच कमी असेल, ड कमी निघालं असेल, तर डॉक्टर सांगतील ते द्या. पण त्या साठ हजार युनिटच्या ड च्या पुड्या घरोघरी फ्रीजवर पडलेल्या असतात आणि आई आठवण आली की पोराला देते, वर्ष झालं तरी थांबवत नाही, हे धोक्याचं आहे, ड शरीरात साठतं, कॅल्शियम भलतंच वाढतं, उलट्या, मूतखडा, किडनीवर ताण. आठवड्याची पुडी किती आठवडे घ्यायची ते चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, तेवढेच.

पोरं वाढत असताना हात मोडणं हे एक वेगळं प्रकरण. उंची आधी वाढते, खनिज सहा महिने ते वर्षभर मागनं येतं, त्या मधल्या काळात मनगटाजवळचं हाड लांब झालेलं पण अजून पूर्ण न भरलेलं. म्हणूनच दहा ते चौदा वयात पडलं की मनगट मोडायचं प्रमाण सगळ्यात जास्त. एकदा सायकलवरनं पडून मोडला तर लगेच घाबरायचं नाही. पण दहा वर्षांच्या आत हाता-पायाची लांब हाडं दोनदा किंवा एकोणीसच्या आत तीनदा मोडली असतील, किंवा काही कारण नसताना मणका दबला असेल, किंवा पोरगं पाय वाकडे टाकत चालतंय, चढताना मांडीवर हात ठेवून उठतंय, तर लहान मुलांच्या हाडांची माहिती असणाऱ्या डॉक्टरला दाखवा. दम्याच्या किंवा किडनीच्या आजारासाठी बराच काळ स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगा.

आता भाचीसारख्या विशी-पंचविशीवाल्यांचं. आनुवंशिकता साठ ते ऐंशी टक्के ठरवते, आजीचा खुबा मोडला असेल तर ते लक्षात ठेवा, पण त्यावर इलाज नाही. उरलेल्यातला बराच भाग बारावीपर्यंत ठरून गेलेला असतो हे पण खरं. तरी मणक्यात अजून थोडी जागा असते, आणि महत्त्वाचं म्हणजे ह्या वयात गळती सुरू होऊ द्यायची नाही. गळती कशानं होते? लग्नाआधी वजन उतरवायचं म्हणून महिनाभर काकडीवर राहणं, त्यानं पाळी चुकायला लागली तर तो हाडांसाठी धोक्याचा कंदील समजा, पाळी थांबते म्हणजे इस्ट्रोजेन खाली आलेलं असतं आणि हाडाचा राखणदार तोच आहे, पुरुषांच्यात पण. सिगारेट आणि रोजची दारू, दोन्ही हाडाला मारक. बाळंतपणात अंगावर पाजलं की हाडं कायमची जातात ही भीती मात्र काढून टाका, पाजताना घनता तीन-पाच टक्के खाली येते आणि पाजणं थांबवल्यावर वर्षभराच्या आत भरून निघते. पण आई स्वतःच सतरा-अठराची असेल तर तिची भरणी पूर्ण व्हायच्या आधीच बाळाचा वाटा काढावा लागतो. लवकर लग्न लावू नका म्हणतात त्यात हे पण एक कारण धरा.

भरतीची तयारी करणाऱ्या पोरा-पोरींसाठी एक खास गोष्ट. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००, त्यामुळं जाहिरात आली रे आली की पहाटे होटगी रोडला पळणाऱ्यांची गर्दी. सहा महिने काही नाही आणि एकदम रोज आठ किलोमीटर, डांबरावर, झिजलेले बूट, उपाशी पोटी. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नडगी दुखायला लागते, तेल चोळतात, क्रेप बँडेज बांधतात, आणि तसंच पळतात. हाडावर नवीन जोर आला की शरीर आधी जुनं हाड खरवडतं, त्याला दोन-तीन आठवडे, आणि मग नवीन बांधतं, त्याला तीन-चार महिने. म्हणजे मधल्या काळात ते हाड पहिल्यापेक्षा कच्चं असतं, आणि नेमकं तेव्हाच आपण जोर वाढवत असतो. त्यातनं बारीक चीर जाते, स्ट्रेस फ्रॅक्चर. एक्स-रेत सुरुवातीला दिसत पण नाही, पोरं म्हणतात रिपोर्ट नॉर्मल आहे आणि परत ग्राउंडवर. नडगीवर बोटाएवढ्याच जागी दाबल्यावर दुखत असेल, आणि पळताना वाढून रात्री झोपेत पण ठणकत असेल, तर पळणं बंद करून ऑर्थोपेडिककडं जायचं, गरज पडली तर एमआरआय. तयारी चार-पाच महिने आधी धरा, किलोमीटर हळूहळू वाढवा, दर काही आठवड्यांनी एक आठवडा हलका ठेवा, मातीवर पळा, दूध-केळं-शेंगा खाऊन पळा.

भाचीला मी पावडरचा डबा घेऊ दिला नाही. तिची पाळी नियमित आहे, कधी हाड मोडलेलं नाही, स्टेरॉइड नाही, डेक्साची पण आत्ता गरज नाही असं आमच्या फॅमिली डॉक्टरांनी सांगितलं, ड जीवनसत्त्व तेवढं तपासायला लावलं, ते कमी निघालं आणि आठ आठवड्यांचा कोर्स दिला. तिचा धाकटा भाऊ सातवीत आहे. त्याचा संध्याकाळचा क्लास अर्धा तास पुढं ढकलायला सांगितलंय, ताई अजून कुरकुरतेय.